पुस्तपालनाच्या ऑनलाइन नोट्स दृष्टिहीन आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांना वापरता याव्यात म्हणून काय करावे?

वाणिज्यशिक्षिका (ठाणे पश्चिम) यांचा प्रश्न

नमस्कार. मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी आणि बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय मराठी माध्यमातून शिकवते. यंदा अकरावीच्या एका तुकडीत एक पूर्णतः दृष्टिहीन विद्यार्थिनी, एक कर्णबधिर विद्यार्थी आणि अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेले दोघे आहेत. प्रत्यक्ष वर्गात त्यांना कसे सामावून घ्यावे याविषयी शिक्षकांच्या खोलीत निदान चर्चा तरी होते. परंतु मधल्या काळात अभ्यासाचा बराच भाग मोबाईलच्या पडद्यावर गेला आहे आणि तिथे या चौघांचे काय होते, हे कोणी विचारत नाही.

आमच्या विभागाकडे जे साहित्य साठले आहे ते असे: बऱ्याच वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या नोट्सच्या पीडीएफ, तासाला फळ्यावर सोडवलेल्या उदाहरणांचे व्हॉट्सॲप गटावर टाकलेले फोटो, ध्वनिचित्रमुद्रित केलेली व्याख्याने, आणि गूगल फॉर्मवर घेतलेल्या वेळ लावलेल्या चाचण्या. दृष्टिहीन विद्यार्थिनी फोनवर टॉकबॅक आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरते. ती सांगते की नोट्सची पीडीएफ उघडली की स्क्रीन रीडर मराठी न वाचता इंग्रजी अक्षरांची भेळ ऐकवतो. पडद्यावर तर स्वच्छ मराठी दिसते, त्यामुळे हा प्रकार काय आहे हे आम्हांला उमगलेले नाही.

सगळे साहित्य एका दमात बदलणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा सुरुवात कुठून करावी, यातले कोणते काम आम्ही शिक्षकांनीच करण्याजोगे आहे आणि कोणते जाणकाराकडे सोपवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. त्यातही माझी मोठी अडचण ताळेबंद आणि खतावणीची (खातेनिहाय नोंदींच्या वहीची) आहे. नावे आणि जमा अशा दोन बाजू शेजारीशेजारी मांडण्यावरच ज्या विषयाची उभारणी आहे, तो विषय केवळ ऐकून शिकणाऱ्या विद्यार्थिनीसमोर कसा मांडावा?

मांडणीकार (ठाणे)

बाई, आपल्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप ठीक आहे. दोष पीडीएफच्या पोटात आहे. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फॉण्टांमध्ये टाइप होत असे (श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सुरेख ही त्यातली ठळक नावे), त्यांत देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक नसत. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत, इतकेच. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरे असतो. त्यांतल्या ई या जागेवर म चा आकार आहे, जे वर र चा, के वर काना, बी वर ठ आणि एच वर दीर्घ वेलांटी. पाहणाऱ्याला मराठी दिसते, छपाईही मराठीतच येते. परंतु स्क्रीन रीडरला आकाराशी कर्तव्य नसते, तो संकेतांक वाचतो, आणि म्हणून आपल्या विद्यार्थिनीला ती पाच इंग्रजी अक्षरे एकत्र उच्चारलेली ऐकू येतात. ती म्हणते ती भेळ हीच.

यावर उपाय आहे, पण तो पीडीएफवर करत बसू नये. ज्यांनी मजकूर टाइप केला त्यांच्याकडे मूळ फाइल मागावी. ती बहुधा पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली असेल, कारण आमच्या व्यवसायातले पुष्कळजण अजूनही त्यालाच चिकटून आहेत आणि पेजमेकरला युनिकोड मराठी येत नाही. मूळ फाइलमधला मजकूर काढून, फॉण्टचे नाव ओळखून, त्या फॉण्टसाठी बनवलेल्या परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणता येतो. हे काम यंत्र झटपट करते, मात्र त्यानंतरचे मुद्रितशोधन माणसालाच करावे लागते, आणि ते टाळले तर सगळी मेहनत वाया जाते.

मुद्रितशोधनात नेमके काय पाहायचे हे आपल्याच विषयातल्या एका शब्दावरून सांगतो. ‘आर्थिक’ हा शब्द कृतिदेवमध्ये टाइप करताना पहिली वेलांटी थ च्या आधी येते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. आणि रफार थ च्या नंतर येतो, कारण तो वर मागाहून चढवला जातो. युनिकोडमध्ये याच्या बरोबर उलट, म्हणजे आधी र आणि हलन्त, मग थ, मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम लागतो. परिवर्तकाला या दोन्ही उड्या एकाच अक्षरावर माराव्या लागतात आणि साधारण परिवर्तक तिथे अडखळून ‘आथिर्क’ असे काहीतरी करून ठेवतो. वाचणारा माणूस ते मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो, ऐकणाऱ्याला मात्र तो शब्दच सापडत नाही. म्हणून वेलांटीवर रफार असलेले शब्द, ‘ऱ्या’ असलेले शब्द आणि तीन व्यंजनांची जोडाक्षरे शोधून आधी तपासावीत. रकमा मात्र एकूणएक मूळ प्रतीशी ताडून पाहाव्यात. पुस्तपालनात एक शून्य इकडचे तिकडे झाले तर काय होते हे मी आपल्याला सांगायला नको.

मूळ फाइल नसेल आणि छापील पाने किंवा स्कॅन तेवढे उपलब्ध असतील, तर ते गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडल्यास चित्रातला मराठी मजकूर ओळखून मिळतो. सलग परिच्छेदांना हे बरे चालते. तक्त्यांना मात्र अजिबात भरवसा ठेवू नये. खतावणीचे पान असे काढण्यापेक्षा नव्याने टाइप करणे कमी त्रासाचे असते.

पुढे वर्डमधून पीडीएफ काढताना ‘प्रिंट’च्या वाटेने काढू नये, कारण त्यात शीर्षकांची रचना आणि चित्रांची वर्णने गळून पडतात. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडावी आणि पर्यायांमध्ये दस्तऐवजाच्या रचनेचे टॅग ठेवण्याची खूण चालू आहे ना, हे पाहावे. तरीही देवनागरीच्या बाबतीत युनिकोड फॉण्ट वापरूनसुद्धा काही वेळा पीडीएफमधल्या मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटतात. याची परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे जे दिसेल तेच विद्यार्थिनीला ऐकू येणार आहे. म्हणून माझा आग्रह असा की मराठीत पीडीएफच्या जोडीला वर्डची फाइलही द्यावीच द्यावी.

ऐरोलीचा एम.कॉम.

मॅडम, मी जन्मतः दृष्टिहीन आहे आणि बी.कॉम. पूर्ण करून सध्या एम.कॉम. करत आहे. पुस्तपालन ऐकून शिकता येते, आणि नीट मांडलेले असेल तर आवडूही लागते. अडचण विषयात नसून तक्त्याच्या मांडणीत असते, ती सविस्तर सांगतो.

रोख खाते घ्या. त्याला आठ स्तंभ असतात: तारीख, तपशील, रोजकीर्द (व्यवहार तारखेवार नोंदण्याची वही) पान क्रमांक, रक्कम, आणि पुन्हा तेच चार. स्क्रीन रीडर तक्ता ओळीने वाचतो. त्यामुळे मला ऐकू येते ते असे: “१ एप्रिल, भांडवल खाते, रिकामे, ५०,०००, ५ एप्रिल, खरेदी खाते, रिकामे, १२,०००.” यातल्या पहिल्या चार गोष्टी नावे बाजूच्या आहेत आणि पुढच्या चार जमा बाजूच्या, त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, त्या केवळ एका रेषेत छापल्या गेल्या आहेत. पाहणाऱ्याला मधली जाड उभी रेषा दिसते, म्हणून तो दोन बाजू आपोआप वेगळ्या करतो. मला ती रेषा ऐकू येत नाही. त्यात ‘रक्कम’ नावाचे स्तंभ दोन असल्यामुळे तक्त्याच्या मध्यावर असताना आपण कोणत्या रकमेवर उभे आहोत हेही कळत नाही.

अभ्यासाच्या प्रतीत हेच खाते एकाखाली एक अशा दोन तक्त्यांत द्यावे. पहिल्याचे शीर्षक ‘रोख खाते, नावे बाजू’ आणि दुसऱ्याचे ‘रोख खाते, जमा बाजू’, प्रत्येकाला चारच स्तंभ. वर्डमध्ये पहिली ओळ शीर्षओळ म्हणून ठरवून दिली, की कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाच्या कळा वापरून तक्त्यात फिरताना एनव्हीडीए प्रत्येक कप्प्याबरोबर स्तंभाचे नाव सांगतो. दोन कप्पे एकत्र जोडू नयेत. जोडले की स्तंभांची मोजणी बिघडते. ज्या कप्प्यात काही नाही तिथे ‘निरंक’ लिहावे, म्हणजे तिथे खरोखर काही नाही की टाइप करायचे राहून गेले, हा संशय राहत नाही. ताळेबंदालाही हीच रीत लावावी: आधी देयता, मग मालमत्ता.

मात्र एक गोष्ट कृपया विसरू नये. परीक्षेत तुमची विद्यार्थिनी लेखनिकाला उत्तर सांगणार आहे आणि लेखनिक ते परंपरागत दोन बाजूंच्या नमुन्यातच उतरवणार आहे. तिला तो नमुना ठाऊक नसेल, तर “डाव्या बाजूला दुसऱ्या ओळीत लिही” असे ती सांगू शकणार नाही. म्हणून प्रत्येक खात्याच्या आरंभी छापील नमुन्याचे दोनतीन वाक्यांत वर्णन द्यावे, आणि एकदा तरी उठावदार रेषांचा कागद तिच्या हाताखाली ठेवून दोन्ही बाजू बोटांनी दाखवाव्यात. मला हे दुसऱ्या वर्षाला कोणीतरी दाखवले. तोवर ‘टी’ आकाराचे खाते म्हणजे काय याविषयी मी मनाशी काहीतरी भलतेच धरून चाललो होतो.

एक्सेलचा पर्यायही चांगला आहे. तिथे प्रत्येक कप्प्याला पत्ता असतो, बेरीज स्वतः करून पाहता येते आणि दोन बाजूंचा मेळ बसतो की नाही हे विद्यार्थ्याला स्वतः तपासता येते.

बाकी थोडक्यात. ठळक केलेली ओळ म्हणजे शीर्षक नव्हे. वर्डच्या ‘हेडिंग’ शैली वापरल्या तर मी एच ही कळ दाबत एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जातो, नाहीतर चाळीस पाने वरपासून ऐकत यावे लागते. मजकूर निवडून त्याची भाषा मराठी अशी ठरवून द्यावी. एनव्हीडीए मोफत मिळतो आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या ई-स्पीक या आवाजात मराठी आहे, यांत्रिक असली तरी सवयीने समजणारी. पण फाइलवर भाषेची खूण नसेल तर बरेचदा हिंदी किंवा इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो. फाइलींना नीट नावे द्यावीत. ‘नवीन फायनल दोन’ हे नाव पाहणाऱ्यालाही त्रासदायकच असते म्हणा.

आकृत्यांबद्दल म्हणाल, तर व्यवहारापासून अंतिम खात्यांपर्यंतचा प्रवास दाखवणारी बाणांची आकृती आमच्या एका महाविद्यालयाच्या नोट्समध्ये होती आणि तिचे वर्णन ‘बाणांची आकृती’ एवढेच लिहिलेले होते. त्या वर्णनाचा मला उपयोग शून्य. त्याऐवजी ‘व्यवहारावरून प्रमाणक, प्रमाणकावरून रोजकीर्दीत नोंद, तिथून खतावणी, खतावणीच्या शिलकांवरून तेरीज आणि तेरजेवरून अंतिम खाती’ असे एक वाक्य लिहिले असते तर आकृतीचे काम झाले असते.

फळ्याच्या फोटोखाली, टाइप करायला वेळ नसेल तर, उदाहरण वाचून दाखवणारा आवाजी संदेश तरी टाकावा. नुसता फोटो आला की टॉकबॅक ‘फोटो’ म्हणतो आणि थांबतो.

नेरूळकर

विषय महत्त्वाचा आहे आणि वरील माहिती मोलाची आहे, हे मान्य करूनही एक व्यावहारिक शंका मांडतो. चार विद्यार्थ्यांसाठी संपूर्ण विभागाने वर्षानुवर्षांच्या नोट्स नव्याने टाइप करायच्या, तक्ते फोडायचे, व्याख्यानांना कॅप्शन द्यायच्या, हे सगळे शिक्षकांनी कोणत्या वेळात करायचे? आधीच अशैक्षणिक कामे थोडी नाहीत. शिवाय अशा विद्यार्थ्यांसाठी विशेष शाळा आणि प्रशिक्षित शिक्षक असतात. सर्वसाधारण महाविद्यालयाकडून ही अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे?

विशेष शिक्षिका (वाशी)

नेरूळकर, वेळेबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे आणि ती संस्थाचालकांपुढे मांडायलाच हवी. ‘विशेष शाळेत जावे’ हे मात्र आता कायद्यालाही धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता ही त्यातलीच एक. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना समावेशक शिक्षण द्यायचे आहे, त्यांच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या आहेत. कलम १७ मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य आणि साहाय्यक साधने विनामूल्य पुरवण्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेली आहे. अकरावीची मुले या वयोमर्यादेत बसतात, तेव्हा खर्चाचा प्रश्न शिक्षकांनी आपल्या खिशाचा मानू नये. प्राचार्यांमार्फत लेखी मागणी करावी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सोयीसुविधा वापरता येण्याचे, नियम नुसते शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत, असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘जमेल तसे पाहू’ हे उत्तर यापुढे फार काळ टिकणार नाही.

आता कर्णबधिर विद्यार्थ्याविषयी, कारण त्याच्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही. पहिली गोष्ट म्हणजे तो कोणत्या मार्गाने समजून घेतो हे त्यालाच विचारावे. कोणी श्रवणयंत्र लावून बऱ्यापैकी ऐकतो, कोणी ओठांच्या हालचालींवरून समजतो, कोणाची खरी भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. या तिसऱ्या गटातल्या मुलांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. व्याख्यानाला कॅप्शन दिल्या म्हणजे काम झाले, अशी अनेकांची समजूत असते. परंतु ‘ज्याअर्थी मालाची विक्री उधारीवर झाली आहे, त्याअर्थी ऋणकोचे खाते नावे केले जाईल’ असे वाक्य कॅप्शनमध्ये तीन सेकंद झळकून गेले, तर त्याच्या हाती काय लागणार? “माल उधार विकला. ऋणकोचे खाते नावे करा.” एवढे पुरते. व्याख्यानाआधी त्या दिवशी येणाऱ्या नव्या संज्ञांची यादी अर्थासह पाठवावी, म्हणजे पडद्यावर त्या प्रथमच भेटत नाहीत.

कॅप्शन सॉफ्टवेअरकडून काढून घेता येतात, पण पारिभाषिक शब्द आणि आकडे त्यात हमखास चुकतात; ‘तेरीज’चे काय काय होते ते एकदा पाहाच. म्हणून त्या तपासल्यावाचून टाकू नयेत. ज्यांना व्याख्यानाची संहिता आधी लिहून ठेवण्याची सवय आहे, त्यांचे काम निम्मे होते. व्याख्यान ध्वनिचित्रमुद्रित करताना फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि “ही रक्कम इथून उचलली आणि इकडे आणली” असे न म्हणता “रोजकीर्दीतली १२,००० ही रक्कम खरेदी खात्याच्या नावे बाजूला नेली” असे म्हणावे. समोर तोंड असल्याने कर्णबधिर विद्यार्थ्याला ओठ दिसतात आणि सगळे शब्दांत सांगितल्याने दृष्टिहीन विद्यार्थिनीला फळ्यावर काय घडले ते कळते. सांकेतिक भाषेच्या दुभाषीची खिडकी व्हिडिओच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी ठेवली जाते, तिचा उपयोग नसतो. बोटांचे आकार आणि चेहरा स्पष्ट दिसेल एवढी ती मोठी हवी.

सांकेतिक भाषेच्या बाबतीत दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले होते. तरीही लेखाकर्मातल्या बारीक संज्ञांसाठी दुभाषी आणि विद्यार्थी यांनी मिळून खुणा ठरवून घ्याव्या लागतात, आणि त्या वर्षभर बदलू नयेत. दुभाषींसंबंधी चौकशी वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत करता येईल. इकडे वाशीत नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठीचे ईटीसी केंद्र आहे, तिथल्या विशेष शिक्षकांशी बोलण्यासारखे आहे; ठाण्याहून ट्रान्सहार्बरने आलात की लांब नाही.

अध्ययन अक्षमता असलेल्या दोघांसाठी वेगळ्या नोट्स करण्याची गरज नाही, याच नोट्स थोड्या मोकळ्या कराव्यात. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नये, डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवावी, कारण ताणलेल्या ओळीत शब्दांमधल्या फटी कमीजास्त होऊन नजर भरकटते. ओळींमध्ये अंतर वाढवावे. उदाहरण एका पानावर आणि त्याचे उत्तर तीन पाने पुढे, असे करू नये. यांच्यासाठी खास फॉण्ट आणायचा आग्रह काही जण धरतात, त्यात मला फारसे तथ्य वाटत नाही. अंतर आणि आकार यांनी जास्त फरक पडतो. स्क्रीन रीडरसाठी केलेली वर्डची फाइल या मुलांना फोनवर मोठ्याने वाचून घेता येते, आणि ऐकता ऐकता डोळ्यांनी ओळ धरणे त्यांना फार सोपे जाते.

रंगांबद्दल एकच सांगते. ‘लाल रंगातल्या नोंदी चुकीच्या आहेत’ असे लिहू नये. लाल-हिरवा भेद न कळणारी मुले प्रत्येक तुकडीत असू शकतात. चुकीच्या नोंदीपुढे ‘चूक’ असा शब्द लिहावा. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतल्या उठावाचे प्रमाण आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ असावे लागते. पांढऱ्यावर पिवळा किंवा फिकट राखाडी मजकूर या निकषात बसत नाही.

वाणिज्यशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. खाते दोन तक्त्यांत फोडायचे आणि छापील नमुना मात्र वर्णनाने व स्पर्शाने शिकवायचा, ही सूचना मला सर्वांत उपयोगी वाटली. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. नेरूळकरांची शंका आमच्या विभागातही निघणार आहे, तेव्हा कलमांचे उल्लेख कामी येतील.

दोन गोष्टी अजून विचारते. आम्ही एका खाजगी प्रकाशकाचे सरावपुस्तक वापरतो. त्याची पाने स्कॅन करून युनिकोडमध्ये आणून विद्यार्थिनीला दिली तर स्वामित्वहक्काचा भंग होतो का? आणि गूगल फॉर्मवरच्या चाचण्यांचे काय करावे?

ऐरोलीचा एम.कॉम.

स्वामित्वहक्काची चिंता नको. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी सुगम्य प्रत तयार करण्याची आणि ती शिक्षणासाठी त्यांना देण्याची मुभा आली. अट अशी की ती प्रत दिव्यांग विद्यार्थ्यांपुरतीच राहावी आणि त्यावर नफा कमावू नये. म्हणजे विद्यार्थिनीला ती ईमेलने पाठवा, तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. पुढे अशाच पुस्तकांच्या देशोदेशींच्या देवाणघेवाणीसाठी मराकेश करार झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. काम सुरू करण्यापूर्वी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आधीच आहे का, हे जरूर पाहावे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच ते २०१६ मध्ये सुरू झाले. मुंबईत झेव्हियर्स महाविद्यालयाचे दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्रही अशा कामात मार्गदर्शन करते.

चाचण्यांमध्ये प्रश्न चित्र म्हणून चिकटवू नये, टाइप करावा. जोड्या लावायच्या प्रश्नात माउसने ओढून नेण्याची रचना असेल तर ती मला वापरता येत नाही, आणि हात थरथरणाऱ्यालाही नाही. तिथे प्रत्येक बाबीपुढे पर्यायांची खाली उघडणारी यादी ठेवावी. ओळी आणि स्तंभांच्या जाळ्यात (ग्रिड) उत्तरे निवडायचे प्रश्न शक्यतो टाळावेत. वेळेबाबत, केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितलेला आहे, तोच हिशेब चाचणीला लावावा. मूडलसारखी ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली असेल तर ठरावीक विद्यार्थ्यांपुरती वेळ वाढवून देता येते. फॉर्मला बाहेरचे घड्याळ जोडलेले असेल तर ते सगळ्यांना सारखेच लागते, म्हणून अशांसाठी फॉर्मची वेगळी प्रत काढावी लागते.

आणि मॅडम, पहिले एक प्रकरण तयार झाले की बाकीच्यांना हात लावण्याआधी ते तुमच्या विद्यार्थिनीला द्या आणि ती ते कसे ऐकते हे शेजारी बसून पाहा. तिने वापरलेल्या कळा आणि ती जिथे अडली त्या जागा लिहून घेतल्या, तर पुढची प्रकरणे एकदाच करावी लागतील.

मांडणीकार (ठाणे)

त्या पहिल्या प्रकरणासाठी रोजकीर्द घ्या, असे सुचवतो. तिच्यात तक्ता एकाच बाजूचा असतो, त्यामुळे परिवर्तनाच्या चुका आणि मांडणीच्या चुका एकमेकींत मिसळणार नाहीत. परिवर्तकाला देण्यापूर्वी फॉण्टचे नाव नक्की करावे लागेल. ते पाहण्यासाठी जुनी पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, फाइल मेनूतून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘फॉण्ट्स’ हा टॅब पाहा. तिथे जी नावे दिसतील ती इथे लिहा. एकाहून अधिक असतील तर सगळी लिहा, कारण शीर्षकांना एक आणि मजकुराला दुसरा फॉण्ट असण्याची पद्धत होती, आणि त्या दोघांचे परिवर्तक वेगळे लागू शकतात.